रोह्याहून तासाभरावर

लिस्बनहून भावजींनी फोटो पाठवले:
उतरत्या गल्लीतली पिवळी ट्राम,
निळ्या फरश्यांच्या भिंतीपुढे त्यांची दोन्ही मुलं,
हातात आइस्क्रीम, नाकावर ऊन.
आमच्या कणादनं दोन बोटांनी फोटो ताणून ताणून
ट्रामचा नंबर वाचला, आणि विचारलं,
'आपण कधी?'

बॉयलरवर उभं राहणाऱ्या माणसाला युरोप कुठला?
पण माझी बुधवारची सुट्टी होती,
मुलांची दिवाळीची, आणि जीभ घसरली:
'उद्याच. त्यांचं एक शहर आपल्याकडंही आहे.
पासपोर्ट लागत नाही,
पेट्रोल तेवढं भरायला हवं.'

स्कूटरवर चौघं.
पुढे कणाद उभा, मागे जुईली, तिच्यामागे वासंती,
मांडीवर डबा, डब्यात पाव आणि बटाट्याची भाजी.
साळावच्या पुलावर वाऱ्यानं तिची ओढणी
माझ्या तोंडावर आणून टाकली,
तेवढ्यात खाडी पार झाली
आणि रेवदंड्याच्या तटातून रस्ता सरळ आत शिरला.

जुईलीनं वहीत यादी केली होती:
चौक. कारंजं. राजवाडा. ट्राम.
ती रस्ताभर बघत राहिली,
मग कुणालाच न विचारता खुणा करू लागली.
चौक: जिथं सुपाऱ्या वाळत घातल्यात.
कारंजं: वाडीतला पाइप,
त्याला भोक, आणि त्यातून उडणारी चिळकांडी.
राजवाड्यापुढे प्रश्नचिन्ह.
ट्रामपाशी पेन्सिल थांबली,
मग माडावरून सरसर उतरणारा एक माणूस दिसला
आणि तीही खूण झाली.

देवळाएवढं उंच चर्च, वर नुसतं आभाळ.
कणादनं आत उभं राहून स्वतःचं नाव ओरडून पाहिलं.
हाक परत आली नाही.
'छप्पर नाही ना,' वासंती म्हणाली,
'वरच्या वर गेली.'

निघताना चावी नाही.
खिसे, डबा, वाळू, पुन्हा खिसे.
मी कुणाकुणावर ओरडलो ते इथं लिहीत नाही.
माडांना पाणी सोडणारा म्हातारा बांधावर येऊन बसला.
'काय हारपला?'
'चावी.'
'हितं तं सगलाच हारपलाय,' तो म्हणाला,
'तुमची कनची ती सांगा.'
आणि स्वतःच शोधायला वाकला.

सापडली ती दाराच्या दगडी चौकटीत,
कधीकाळी अडसर बसायचा त्या भोकात,
अर्धी आत खुपसलेली.
कणाद खाली मान घालून म्हणाला,
'उघडतंय का बघत होतो.'

त्यानंतर मला ओरडता आलं नाही.

परतताना कोर्लईला पाणी प्यायला थांबलो.
फ्रॉकमधली एक मावशी ओट्यावर लसूण सोलत होती,
आतल्या नातवाला हाका मारत होती
अशा बोलीत, की जुईली माझ्या कानाशी आली:
'ही त्यांची भाषा?'
मावशीला ऐकू गेलं.
'त्यांची कसली? आमची,' ती चक्क मराठीत म्हणाली.
'ते गेले कधीच. आम्ही हितंच.'
मग तिनं डब्यात डोकावून विचारलं काय आणलंय,
आणि कणादनं सांगितल्यावर हसत सुटली.
'पाव आमचा, बटाटा आमचा,
त्या बाबाच्या हातातली चावीपण आमची.
मग तुमचं काय रे?'
कणादनं बराच विचार केला.
'भाजी,' तो म्हणाला.
तिनं उरलेली भाजी मागून घेतली.

रात्री जुईलीनं भावजींना पाइपाचा फोटो पाठवला.
तिकडून लगेच उत्तर: 'हे कुठलं शहर?'
ती टाइप करत होती, खोडत होती,
शेवटी तशीच झोपली, फोन छातीवर.
कणादच्या चड्डीच्या खिशातून मूठभर वाळू निघाली,
आणि एक दगडाचा तुकडा, ज्याला एक बाजू अगदी सरळ.
फेकायचा म्हणून उचलला,
मग फ्रिजवर ठेवला, चावीशेजारी.

सकाळी सहाची पाळी. पगाराला अजून चार दिवस.
दिवा मालवताना वासंती म्हणाली,
'मीठ कमी होतं का हो भाजीत?
त्या बाईनं काही म्हटलं नाही.'